मूळ फाइल कुणी उडवली?

१

"आत्या, फाइल गेली! आख्खी फाइल गेली गं!"

आत्याने फोन कानापासून वीतभर लांब धरला. भाची अशी भोकाड पसरून रडत होती की शेजारच्यांना वाटावं, घरात कुणाचं काहीतरी बरंवाईट झालं.

"आधी नाक पूस. कसली फाइल?"

"व्हिडिओची. मूळ रेकॉर्डिंग. काल होतं, आज नाही. आणि तो खालचा रेडिओ म्हणतोय, मीच उडवलं!"

आत्याची सगळी नोकरी एका विमा कंपनीत आगीचे दावे तपासण्यात गेली होती. जळून कोळसा झालेल्या दुकानात नाकाला रुमाल लावून शिरायचं आणि आग लागली की लावली, ते सांगायचं. निवृत्त झाल्यापासून तिला कुणी काही विचारायला येत नव्हतं आणि त्यामुळे ती नुसती कावली होती. भाची रडतेय ह्याचं तिला वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोला, पायांत चपला सरकवताना बाईंच्या अंगात भलताच हुरूप आला होता.

तिच्या भावाचं, म्हणजे अण्णाचं घर दोन गल्ल्या पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट होती, पण ती वर येताना असा खडखडाट करायची की कुणीतरी आल्याची वर्दी सगळ्या इमारतीला मिळावी. दार भाचीने, म्हणजे धाकटीने, उघडलं. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले. तिने आत्याला हाताला धरून थेट मागच्या खोलीत नेलं.

ही पूर्वी अडगळीची खोली होती. आता तिथे एक मोठा टीव्ही होता आणि त्याच्याखाली खेळाचा कन्सोल. कन्सोलमधून निघालेली तार टीव्हीत जाण्याआधी एका छोट्या काळ्या डबीतून जात होती आणि त्या डबीची दुसरी तार टेबलावरच्या कॉम्प्युटरला.

"ही डबी कशाला?"

"टीव्हीवर जे दिसतं ते ह्या डबीतून कॉम्प्युटरवर उतरतं. कन्सोल सुरू झाला की रेकॉर्डिंग आपोआप सुरू होतं, तशी सोय मीच केलीय. दादा रेकॉर्डचं बटण दाबायला विसरायचा गं. एकदा असा झकास खेळला आणि हातात काही नाही! कॉम्प्युटर तर दिवसभर चालूच असतो."

कामाची वाटणीही तिने सांगितली. थोरला, म्हणजे तिचा भाऊ, खेळतो. धाकटी कापते, जोडते, सजवते. आणि खालच्या मजल्यावरचा थोरल्याचा मित्र नंतर त्यावर बडबड करतो. एकदा सुरू झाला की बंद होत नाही, म्हणून त्याला सगळे रेडिओ म्हणतात.

खेळाचं नाव 'गडचोर'. एका चोराने पहारेकऱ्यांनी भरलेला गड खालपासून वरपर्यंत पार करायचा. कुणाच्या नजरेस न पडता आणि कुणाच्या अंगाला बोटही न लावता हे आजवर कुणालाच जमलं नव्हतं. थोरल्याचा तसा व्हिडिओ गेल्या महिन्यात ह्यांनी टाकला आणि तो जगभर गाजला. तो बघूनच एका मोठ्या कंपनीने धाकटीला संकलक म्हणून नोकरी देऊ केली होती.

"मग अडलं कुठे?"

"असे विक्रम तपासायला खेळाडूंनीच नेमलेलं एक मंडळ आहे. त्यांना व्हिडिओत काही ठिकाणी कापल्यासारखं दिसलं. त्यांनी न कापलेलं मूळ रेकॉर्डिंग मागितलं, रविवारपर्यंत. नाही दिलं तर व्हिडिओवर शिक्का बसणार, जोडकाम म्हणून. वेगवेगळ्या वेळचे तुकडे जोडून विक्रम उभा केला, असा त्याचा अर्थ. आणि जोडणारी कोण? मी! कंपनीवाल्यांनी कळवलंय, आधी हे निस्तरा, मग रुजू व्हा." तिने परत नाक पुसलं. "आत्या, मी एक तुकडाही जोडलेला नाही गं. आता कोण विश्वास ठेवणार?"

"कॉम्प्युटरला कुलूप, पासवर्ड वगैरे?"

"घरातल्या घरात कशाला पासवर्ड!"

"म्हणजे उडवणारा ह्या घरात वावरणारा आहे," आत्या म्हणाली आणि तिने खुर्ची ओढून घेतली. "चल, तो व्हिडिओ लाव."

२

व्हिडिओ लागला आणि रेडिओही हजर झाला. त्याला बोलवावं लागत नाही.

"आत्या, तुम्हाला म्हणून सांगतो," तो दारातूनच सुरू झाला, "हिला दर आठवड्याला डिस्क साफ करायची खोड आहे. जागा नाही, जागा नाही, हे उडव, ते उडव. त्यात गेली असणार. आणि आता कबूल करायला जीभ रेटत नाही!"

"मी कॉम्प्युटरवरचा कचऱ्याचा डबासुद्धा तपासला," धाकटी ओरडली. "कुणीतरी तोही रिकामा केलाय. मी मूळ फाइल कधीच उडवत नाही!"

"भांडणं नंतर," आत्याने दटावलं. "तू काल इथे होतास?"

"होतो की. थोरला, ही आणि मी. मंडळाला फाइल पाठवायची म्हणून मीच सगळ्यात जास्त नाचत होतो. माझा आवाज जगभर पोचतोय, मी कशाला फाइल उडवू? मला तर ती ओळखूसुद्धा येत नाही. त्या ढिगात नुसत्या तारखा आणि आकडे. मी माझ्या फोनवर बोलतो आणि हिला पाठवून देतो, बास."

आत्याने मान डोलावली आणि डोळे टीव्हीकडे वळवले. पडद्यावर चोर दबक्या पावलांनी दालनामागून दालनं ओलांडत होता आणि रेडिओचा आवाज त्यावर धो धो कोसळत होता. "काय धाडस! काय काळीज! बघा, बघा, बेधडक निघाला!"

एका दालनातून बाहेर पडताना चोराने भिंतीवरचा दिवा विझवला. पुढच्या दालनातही तेच. नंतर एक दार हळूच लावून घेतलं.

"हे दिवे का विझवतोय तो?"

"डावपेच!" रेडिओ म्हणाला. "अंधार केला की पहारेकऱ्याला दिसत नाही."

"पण त्या दालनात कुणी नव्हतंच. आणि हा तर तिथून निघालाय. मागे अंधार करून ह्याला काय मिळालं?"

रेडिओने तोंड उघडलं आणि, आश्चर्य म्हणजे, मिटलं. धाकटी पुढे सरकली. "खरंच की. ह्याला गुण मिळत नाहीत, काही नाही. मला वाटलं दादाची स्टाइल."

"आधीच्या व्हिडिओंत तुझा दादा दिवे विझवतो?"

धाकटी जरा वेळ आठवत राहिली. मग तिने सावकाश नकारार्थी मान हलवली.

३

थोरला गच्चीवर सापडला. उंचपुरा, देखणा, एरवी हसतमुख पोरगा, पण आज चेहऱ्यावर बारा वाजलेले. एका कुरिअर कंपनीत तो पाळीने काम करायचा. मागच्या महिन्यात पायाला लागलं म्हणून रजेवर होता, दुपारी पट्टी बदलायला दवाखान्यात जायचा तेवढाच बाहेर, तेव्हाच हा पराक्रम घडला, असं धाकटीने सांगितलं होतं.

"काय रे, बहिणीवर आळ आलाय आणि तू इथे हवा खातोस?"

"मी तिच्यावर आळ घेतला नाही, आत्या."

"रेडिओने घेतला तेव्हा तू काय म्हणालास?"

थोरला चपलेने गच्चीवरची वाळू सारत राहिला.

"बरं, ते जाऊ दे. तू खेळतोस कसा ते तरी सांग. मला आपली उत्सुकता."

ह्यावर मात्र गडी खुलला. आपण कानांवर हेडफोन चढवून खेळतो, पहारेकऱ्याचं पाऊल, खोकला, किल्ल्यांची खुळखुळ, सगळं ऐकून ठरवतो, असं त्याने हातवारे करून सांगितलं. "डोळे फसवतात आत्या, कान फसवत नाहीत."

"आणि त्या दिवशी दिवे का विझवलेस?"

थोरल्याचे हात हवेतच राहिले. "सहज," तो म्हणाला आणि कठड्याकडे वळला. आत्याने आणखी दोनतीन प्रश्न टाकून पाहिले, पण पठ्ठ्याने तोंडात जणू गुळणी धरली होती.

ती खाली आली तेव्हा अण्णा स्वयंपाकघरात चहा टाकत होता. वहिनी नोकरीवर गेलेली. अण्णा निवृत्त झाल्यापासून दिवसभर घरात एकटाच असायचा आणि पोरांच्या त्या मागच्या खोलीवर त्याचा जुना राग होता.

"काय तपास लागला का तुझा?" त्याने विचारलं. "मी म्हणतो, गेली ती फाइल, बरं झालं. वेळेचा नुसता चुराडा! पंखा चालू, दिवा चालू, टीव्हीचा डबा चालू आणि माणूस खोलीत नाही. विजेचं बिल काय ह्यांचा सासरा भरणार?"

"तू बघितलास का तो गाजलेला व्हिडिओ?"

"बघितला एकदा. फोनवर." अण्णाने पातेल्यातला चहा उगीचच ढवळला. "बरा आहे. पोरगा हुशार आहे, त्यात वाद नाही. पण दिवसभर त्या लंगड्या पहारेकऱ्याच्या मागे लागून पोट भरतं का कुणाचं?"

"तू कधी हात लावलास त्या खेळाला?"

"मी? वेड लागलंय का तुला! मला तो कॉम्प्युटर कुठून सुरू होतो तेही ठाऊक नाही."

आत्याने चहा घेतला. चहा नेहमीसारखाच कडक होता, पण तिचं लक्ष चहात नव्हतं. अण्णाच्या बोलण्यातलं काहीतरी तिला दाताच्या फटीत अडकल्यासारखं टोचत होतं आणि नेमकं काय ते सापडत नव्हतं. ती कप तसाच हातात घेऊन मागच्या खोलीत गेली.

"पोरी, जळालेल्या दुकानात आम्ही काय जळलं ते नंतर बघायचो. आधी काय वाचलं ते बघायचो. तुझ्या ह्या पेटीत काय वाचलंय?"

धाकटी गोंधळली. "वाचलंय म्हणजे... आमचे बाकीचे व्हिडिओ. आणि हो, ह्याची हलकी प्रत आहे. पण तिचा काही उपयोग नाही."

आत्याने कप खाली ठेवला. "हलकी प्रत म्हणजे काय?"

४

मूळ रेकॉर्डिंग फार जड असतं, धाकटी सांगू लागली. त्याच्यावर थेट काम करायला गेलं तर कॉम्प्युटर धापा टाकतो. म्हणून कापाकापी करण्याआधी तिचा प्रोग्राम त्याची एक धुरकट, हलकी प्रत बनवतो आणि आत कुठेतरी ठेवून देतो. काम त्या प्रतीवर होतं आणि शेवटी मूळ फाइलवरून पक्का व्हिडिओ निघतो.

"मंडळ ही प्रत घेत नाही. हिच्यात फेरफार केलेला ओळखता येत नाही म्हणून."

"मंडळ गेलं चुलीत. हे मला सांग, अशी प्रत असते हे ह्या घरात कुणाला ठाऊक आहे?"

"मलाच. बाकीच्यांना काय करायचंय?"

"म्हणजे तुला जर जोडकाम लपवायचं असतं, तर तू आधी काय उडवलं असतंस?"

धाकटीने आ वासला. "ही प्रत! अगं हो, हिच्यात तर सगळं उघड दिसतं!"

"मग तू सुटलीस. निदान माझ्यापुरती तरी," आत्या म्हणाली. पोरीच्या चेहऱ्यावर त्या दिवसात पहिल्यांदा थोडा रंग आला. "आता ती लाव. अगदी पहिल्यापासून."

"पहिल्यापासून मीसुद्धा बघितलेली नाही. मी डिस्क आवरत होते, मधेच कुठेतरी उघडून बघितलं तर हा पार बुरुजावर! मग मागे गडाच्या दारापर्यंत गेले आणि तिथूनच पुढे बघितलं."

प्रत लागली. चित्र धुरकट होतं, पण कळत होतं. रेडिओची बडबड नव्हती, त्यामुळे खेळाचे आवाज स्वच्छ ऐकू येत होते. सुरुवातीला कन्सोलने विचारलं, कोण खेळणार? तिथे थोरल्याचं नाव आणि चित्र होतं. पण निवड त्याच्यावरून घसरत घसरत शेवटच्या खुणेवर गेली आणि थांबली. तिथे लिहिलं होतं, पाहुणा.

"अगं बाई!" धाकटी म्हणाली.

"पुढे चल."

चोर गडात शिरला. दोन दालनं झाली आणि चित्र मधेच गोठलं. खेळ थांबवला होता. बराच वेळ काहीच नाही, मग परत सुरू. थोड्या वेळाने पुन्हा तेच.

"हे थांबे मी कापले होते," धाकटी म्हणाली. "तेवढंच कापलं होतं. मंडळाला तेच दिसलं असणार. मला वाटलं, दादा पाय लांब करायला उठत असेल."

पडद्यावर एक बंद दार आलं. दारापलीकडे पहारेकरी खोकला, चांगला खणखणीत. चोर खुशाल दार उघडून आत शिरला आणि पहारेकऱ्याची सावली जमिनीवर पडल्यावर कुठे दचकून खांबामागे झाला.

"इथेच रेडिओ ओरडतो, काय धाडस म्हणून," धाकटी पुटपुटली. "पण आत्या, दादाने हा खोकला ऐकला असता. तो कानांनी खेळतो."

"हा आवाज रेकॉर्ड झालाय, म्हणजे खेळणाऱ्याला तो ऐकू येत होता, असं असतं का?"

"नाही. आवाज तारेतून उतरतो. टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला तरी रेकॉर्डिंगमध्ये येणारच."

"म्हणजे हा माणूस आवाज बंद करून खेळत होता. मधे मधे थांबून कानोसा घेत होता. आणि पाहुणा म्हणून शिरला होता." आत्याने चष्मा काढून पदराने पुसला. "पोरी, हा खेळ तुझ्या दादाने खेळलेलाच नाही."

धाकटीने प्रत तिथेच थांबवली.

"आणखी एक सांग. ह्या गडात लंगडा पहारेकरी कुठे असतो? तुमच्या व्हिडिओत तर मला तो दिसला नाही."

"लंगडा? तो तळघरात असतो. पण तिथे कुणीच जात नाही गं, जायची गरजच नाही. रेडिओला तर तो आहे हेसुद्धा ठाऊक नसेल. तुला कुणी सांगितलं?"

आत्या हसली आणि उठली. "सगळ्यांना बोलव. अण्णालाही."

५

खोलीत पाच माणसं म्हणजे गर्दीच झाली. अण्णा दारात उभा राहिला, आपला ह्याच्याशी काही संबंध नाही अशा थाटात.

"फाइल उडवणाऱ्याचं आधी बघू," आत्याने सुरुवात केली. "ढिगात सगळ्या फाइलींना नुसत्या तारखा. त्यातून नेमकी तीच उचलायची तर ती ओळखता यायला हवी. रेडिओला ओळखता येत नाही. अण्णाला कॉम्प्युटर सुरू करता येत नाही. राहिली दोघं भावंडं. धाकटीने उडवली असती तर हलकी प्रत मागे ठेवली नसती, कारण ती आहे हे तिला ठाऊक होतं. ज्याने उडवली त्याला फाइल ओळखू येत होती, पण संकलनातलं काही कळत नव्हतं." ती थोरल्याकडे वळली. "पाठवायच्या आधी तू ती पहिल्यापासून बघितलीस. आणि तुला 'पाहुणा' दिसला. होय ना रे?"

धाकटी त्याच्याकडे बघत होती आणि तिच्या नजरेत अजूनही, त्याने नाही म्हणावं, अशी आशा होती.

"होय," तो म्हणाला. "मी उडवली."

"दादा!"

"ते रेकॉर्डिंग बघून तू धावत आलीस आणि मला मिठी मारलीस. 'दादा, तू केलंस आणि बोललासुद्धा नाहीस,' म्हणालीस. मी महिनोन्महिने त्या गडावर डोकं आपटत होतो गं. मी हो म्हणालो नव्हतो."

"पण नाहीही म्हणाला नाहीस," धाकटी म्हणाली. "आणि आज रेडिओने माझ्यावर आळ घेतला, तेव्हासुद्धा तू गप्प बसलास. माझी नोकरी जातेय दादा, माझं नाव जातंय, आणि तू गप्प बसलास!"

थोरल्याने मान खाली घातली. मग तो रेडिओकडे न बघता म्हणाला, "मला वाटलं ह्याने खेळलं असेल. हा दुपारचा येऊन बसतो ना कधी कधी."

"मी?" रेडिओ किंचाळला. "अरे, मला पहिल्या दाराशीच पकडतात! आणि मी असा खेळ खेळलो असतो तर गप्प बसलो असतो का?"

हे मात्र सगळ्यांना एकदम पटलं.

"मग खेळलं कोण?" धाकटीने विचारलं.

"तेच बघू," आत्या म्हणाली. "हा माणूस दिवसा खेळतो, घरात कुणी नसताना. टीव्ही मुका ठेवतो, कारण लिफ्टचा खडखडाट ऐकू यायला हवा. खडखडाट झाला की खेळ थांबवतो. आपला खेळ दुसऱ्याच्या नावावर लागू नये म्हणून पाहुणा होऊन शिरतो, म्हणजे माणूस सरळ आहे. खोलीतून बाहेर पडताना दिवा विझवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. खोट्या गडातलासुद्धा! आणि त्याने तळघरसुद्धा पालथं घातलंय, जिथे कुणीच जात नाही." तिने दाराकडे पाहिलं. "अण्णा, तो लंगडा पहारेकरी तुला कुठे भेटला रे?"

अण्णाचा चेहरा असा झाला, जणू ह्या वयात चोरून साखर खाताना पकडला गेला.

"बाबा?" दोन्ही पोरं एका सुरात म्हणाली.

"हे बघा," अण्णा म्हणाला, "मी तुम्हाला बोलत होतो. म्हटलं, बोलायचं तर आधी बघावं तरी, काय आहे त्यात. एकदा बघितलं. मग..." तो थांबला. "मग सुटेना हो. एवढा मोठा गड, आणि दिवसभर घरात मी एकटा. तो लंगडा तर बिचारा तळघरात एकटाच फेऱ्या मारत असतो. त्याच्याकडे जायचो मी अधूनमधून."

"पण व्हिडिओ बघून बोलला का नाहीत? तुमचा खेळ होता, बाबा!"

"आपोआप रेकॉर्ड होतं हे मला कुठे ठाऊक! मला वाटलं, तो खेळ ह्याचाच आहे." त्याने थोरल्याकडे बोट केलं. "तीच वाट, तेच वळण, दिवेसुद्धा विझवतोय. म्हटलं, मी ह्याला बोलतो एवढं, पण पोराने उचललंय ते माझंच. फार बरं वाटलं मला. चारदा बघितला मी तो व्हिडिओ."

थोरला खाली बसला आणि त्याने तोंड दोन्ही हातांत झाकून घेतलं.

"झालं ते झालं," आत्या म्हणाली. "पण फाइल परत येणार नाही आणि रविवार जवळ आलाय. धाकटीचं काय?"

६

धाकटीने मंडळाला सगळं खरं खरं लिहिलं. उत्तर लगेच आलं. ज्याने खेळ खेळला त्याने पुन्हा खेळून दाखवावा, हात कॅमेऱ्यात दिसले पाहिजेत, रेकॉर्डिंग कुठेही कापलेलं नसावं. आणि ज्याने विक्रम आपला म्हणून मिरवला त्याने सुरुवातीला समोर बसून तसं सांगावं. एवढं झालं तर जोडकामाचा संशय मिटेल.

"चारचौघांसमोर खेळायचं? छे!" अण्णाने हात झटकले. "मला नाही जमायचं. हात थरथरतात माझे."

"बाबा," धाकटी म्हणाली, "तुम्ही नाही खेळलात तर माझ्यावर शिक्का बसेल."

अण्णाने पोरीकडे पाहिलं, बाह्या सरसावल्या आणि कंट्रोलर मागितला.

वहिनीने त्यासाठी रजा टाकली आणि नवऱ्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्याने आधी तिचीच क्षमा मागितली. मग कॅमेरा सुरू झाला. थोरला समोर बसला. "हा खेळ मी खेळलो नव्हतो," तो म्हणाला. "माझ्या बाबांनी खेळला. मी गप्प राहिलो. मूळ फाइल मी उडवली, आणि आळ माझ्या बहिणीवर आला तेव्हाही मी गप्प राहिलो. तिने..." पुढे त्याला बोलवेना. तो कॅमेऱ्यासमोरच हमसून हमसून रडला, मग डोळे पुसले आणि वाक्य पुरं केलं. "तिने काहीही जोडलेलं नाही."

अण्णा खेळायला बसला आणि पहिल्याच दारात पकडला गेला. दुसऱ्यांदा जिन्यावर. मग आणखी कुठे कुठे. रेडिओ उशी तोंडात कोंबून बसला होता, कारण त्याला बोलायची बंदी होती. चहा झाला, जेवण झालं, दुपार कलली. अण्णा दर वेळी एवढंच म्हणायचा, "परत." शेवटी एकदा तो शिरला तो शिरलाच. दालनामागून दालन, दार, जिना, बुरूज. चोर गडाच्या टोकावर पोचला तेव्हा आत्याच ओरडली, सगळ्यात मोठ्याने.

मंडळी अण्णाभोवती जमली. थोरला मात्र धाकटीच्या खुर्चीपाशी आला.

"ते सुरुवातीचं," तो हळूच म्हणाला. "बोललो ते राहू दे. पण मी रडलो तेवढं कापशील? जगभर जाणार आहे गं ते."

धाकटीने त्याच्याकडे पाहिलं. आदल्या दिवसापासून ती त्याच्याशी एक अक्षरही बोलली नव्हती.

"नाही, दादा. ह्यातलं मी काहीच कापणार नाही."

थोरल्याने मान डोलावली. मग म्हणाला, "बरं. असू दे तसंच."

पुढे मंडळाचा निकाल आला, संशय मिटला, धाकटी नोकरीवर रुजू झाली, ते सगळं यथासांग झालं. पण आत्याला विचाराल तर प्रकरण मिटलं ते त्याच संध्याकाळी. रेकॉर्डिंग पाठवायची तयारी झाली होती आणि मंडळाच्या पानावर एक चौकट रिकामी होती, विक्रमवीराचं नाव.

"काय लिहू, बाबा?"

"माझं नाव कशाला जगभर?" अण्णा म्हणाला. त्याने आधी धाकटीकडे पाहिलं, मग भिंतीला टेकून उभ्या असलेल्या थोरल्याकडे, आणि तिकडेच बघत राहिला. "लिही, दोघांचे बाबा."

धाकटीने तसंच लिहिलं. मग ती खुर्चीवरून उठली, भावाला हाताला धरून तिथे बसवलं आणि पाठवायचं बटण त्यालाच दाबायला लावलं.